गाऱ्हाण्यातले एक नाव

१० ऑगस्ट २०२५, रविवार.
मी, मोरेश्वर दत्ताराम पाताडे, बी.कॉम., वय चौपन्न, राहणार कसाल, एका हायस्कुलातील मुख्य लिपिक, ही रोजनिशी आजपासून सुरू करीत आहे. उद्देश: कन्या अवनी (वय सतरा) हिच्या बाबतीत कुटुंबप्रमुख या नात्याने मी पार पाडलेल्या कर्तव्याची अचूक नोंद ठेवणे.
पार्श्वभूमी. जन्माच्या वेळी तिची नोंद मुलगा अशी झाली. दोन वर्षांपूर्वी आपण मुलगी आहोत असे तिने आम्हाला सांगितले व अवनी हे नाव स्वतः निवडले. पत्नी सत्यवतीने तिला जागच्या जागी जवळ घेतले. मीही तत्काळ स्वीकारले (कालावधी: सुमारे चार महिने). अर्ज, शपथपत्रे, कॉलेजातील नोंद, सर्व मी केले. एकही अर्ज त्रुटीसाठी परत आला नाही.

त्याच दिवशी, दुपारी १.४०.
जेवताना अवनीने विनंती केली. चतुर्थीला आरतीनंतर घरचा कर्ता गणपतीपुढे मोठ्याने गाऱ्हाणे घालतो. एकेकाचे नाव घेऊन त्याच्यासाठी मागणे मागतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तिचे म्हणणे, “बाबा, यंदा माझा नाव घेवा. अवनी म्हणान. सगळ्यांसमोर.”
संमती दिली. विषय निकाली.

१२ ऑगस्ट.
सत्यवतीने अकारण शंका काढली. “तुमी तिका नावान हाक कधी मारलास?”
हाक मारण्याची गरज पडत नाही, असे मी स्पष्ट केले. घर लहान आहे. खाकरले तरी ऐकू जाते.
“ती काय म्हैस आसा, खाकरल्यार येवक?”


१५ ऑगस्ट.
ध्वजवंदनानंतर गाऱ्हाण्याचा मसुदा टाइप केला. तीन परिच्छेद. अवनीचा उल्लेख दुसऱ्या परिच्छेदात, ठळक अक्षरांत. चुलतभाऊ बाबली याला अभिप्रायार्थ दाखवला. तो वाचून माडाला टेकून हसला. “अरे मोरू, ‘उपरोक्त कुटुंबीयांस’? देवाक नोटीस धाडतंस काय?”
बाबली सातवी नापास आहे. मसुदा कायम.

१९ ऑगस्ट, सकाळी ६.१५.
मागील काजूच्या बागेत प्रत्यक्ष सराव. आवाज खणखणीत. सर्व नावे सुरळीत. अवनीच्या नावाशी खोकला आला.
पुन्हा. पुन्हा खोकला.
निदान: दमट हवा. ज्येष्ठमध आणावा.

२४ ऑगस्ट.
ज्येष्ठमध निकृष्ट दर्जाचा निघाला. तरी सराव समाधानकारक. पहिले अक्षर आले. उर्वरित दोन ऐनवेळी येतीलच.

२६ ऑगस्ट, सायंकाळ.
गणपतीवर फळे-पाने टांगायची माटवी बांधली. मिठबावहून थोरली बहीण नर्मदाताई आली. अवनी मुलगी म्हणून वावरू लागल्यापासून ताईने तिला प्रत्यक्ष पाहिले नव्हते. ताईला बाहेर थांबवून आधी चार गोष्टी समजावून सांगाव्यात, असे मी योजिले होते. चपला काढण्यापूर्वीच ती ओरडली, “अगो अवनी! खंय लपलंस? बघ आत्येन काय हाडल्यान!” अबोलीचा वळेसार आणि हिरव्या बांगड्या. एकूण वेळ चार सेकंद. कोणतीही पूर्वतयारी नाही.
अशा कामात पद्धत असावी लागते. असो.

२७ ऑगस्ट, चतुर्थी.
उपस्थिती बावीस. अवनी हिरवी साडी नेसून दाराशी उभी होती. केसांत वळेसार. माझ्याकडेच पाहत होती.
गाऱ्हाणे सुरू केले. सत्यवतीची गुडघेदुखी, ताईची आंब्याची कलमे, पुतण्याची गोव्यातील नोकरी, गाभण गायसुद्धा. प्रत्येकास ‘व्हय म्हाराजा’. मग दुसरा परिच्छेद आला. कागद हातात होता. अक्षरे ठळक होती.
मी म्हणालो, “आणि घरातली इतर सगळी मंडळी.”
‘व्हय म्हाराजा!’ झाले.
‘इतर सगळी’ या शब्दांतून कोणीही वगळले जात नाही, हे नमूद करतो. अवनीने सगळ्यांना प्रसाद वाटला. माझ्या तळहातावरही ठेवला. जेवायला ती स्वयंपाकघरात बसली.

२८ ऑगस्ट.
सत्यवती कालपासून “मीठ व्हया?” एवढेच बोलली आहे. गैरसमज दूर करण्यासाठी अवनीला पत्र लिहिले: दिनांक, विषय, ‘प्रिय अवनी’. विसर्जनाच्या गाऱ्हाण्यात दुरुस्ती केली जाईल, अशी लेखी हमी दिली.
ती पत्र परत घेऊन आली. रागावली नव्हती. म्हणाली, “बाबा, कागदार मी दोन वर्षां आसंय.”
पत्र टेबलावर ठेवून गेली.

२ सप्टेंबर, विसर्जन.
व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी सगळे जमले. मी तीन पावले पुढे गेलो, घसा साफ केला. तेवढ्यात बाबलीने हात जोडून सुरुवातच केली. अवनीने त्याला सकाळीच सांगून ठेवले होते, असे नंतर कळले.
“बा देवा म्हाराजा! ही आमची अवनी. पाताड्यांची लेक. यंदा बारावीक आसा, गणितात जरा कच्ची आसा—”
“काका!” अवनी ओरडली. सगळे हसले.
“—तिका सांभाळ. तिका कोण वायट बोललो, तर तेच्या जिबेक फोड येवंदेत, म्हाराजा!”
“व्हय म्हाराजा!”
मीही म्हणालो. सगळ्यांच्या मागून. आवाज स्वच्छ होता. कोणी मागे वळून पाहिले नाही.

३ सप्टेंबर, सकाळी ७.१०.
अंगणात उभा राहून हाक मारली. अवनी. खोकला नाही. तीन वेळा मारली. पूर्ण नाव, तिन्ही अक्षरे.
स्वयंपाकघरातून सत्यवती म्हणाली, “ती साडेसहाच्या एस्टीन गेली. रोज तेच येळार जाता.”
ही वेळ मला ठाऊक नव्हती.

त्याच दिवशी, सायंकाळी ६.००.
ती पावणेसहाच्या गाडीने परतते, असे विचारून घेतले आणि अर्धा तास आधी स्टॉपवर जाऊन उभा राहिलो. ती मैत्रिणींसोबत उतरली. मला पाहिले नाही. चार पावलांच्या अंतरावरून जाऊ लागली. मी खाकरलो.
ती वळली. “बाबा? तुमी हंय?”
मैत्रिणी थांबल्या. ती वाट पाहत होती.
मी म्हणालो, “छत्री आणली.”
पाऊस नव्हता. दिवसभर नव्हता. तिने आकाशाकडे पाहिले, मग छत्री घेतली आणि न उघडता काखेत धरून मैत्रिणींसोबत पुढे चालू लागली. मी मागून आलो.

(स्वाक्षरी)
मो. द. पाताडे
कसाल, ३ सप्टेंबर २०२५