घाण्याच्या गाण्यातलं नाव

प्रिय अक्का,

साष्टांग नमस्कार. आपल्या भाचीचं, संहिताचं लग्न आटोपून तू धारवाडला गेलीस आणि मी आत्ता लिहायला बसलोय. रागावू नकोस. कागद पुढे घ्यायचो आणि परत ठेवून द्यायचो. फोन केला असता, पण तो आधी तुझ्या लेकाच्या, प्राणेशच्या हाती जातो. तो स्पीकरवर टाकणार आणि सगळं घर ऐकणार. हे आधी तू एकटीनं वाच. वाईट काही नाही. चांगलंच आहे, इतकं चांगलं की मला सुचेनासं झालंय.

अक्का, तू प्रसिद्ध झालीस!

घाणा भरायच्या दिवशी उखळात हळकुंडं पडली, मुसळाला आंब्याची पानं बांधून झाली, आणि सगळ्या बायका एकमेकींची तोंडं बघत राहिल्या. गाणं कुणालाच येईना. मग तू पदर खोचून पुढे झालीस. आपल्या नव्या जावयाची, निहारची, बहीण सिद्धी तिथं फोन धरून उभी होती. तू तिला बजावलंस, "तोंड घेऊ नकोस, आणि नाव तर मुळीच घालू नकोस गं." पोरीनं शब्द पाळला. नुसते पिवळे हात आणि तुझा आवाज. त्यातला एक तुकडा तिनं मैत्रिणींना पाठवला, त्यांनी आणखी कुणाकुणाला, आणि आता इथं कोरमंगलात पीजीत राहणारी पुण्या-नागपूरची सगळी पोरं तो ऐकतायत. 'हळदवाली अज्जी' म्हणतात तुला! तुझी ती 'हळकुंडा, स्वल्प दम धर' ही ओळ त्यांच्या तोंडात बसलीय. साहेब कामाची घाई करायला लागला की त्यालाच ऐकवतात म्हणे.

परवा जयनगरला भाजी घेऊन रिक्षात बसलो, तर ड्रायव्हरच्या फोनवर तूच! मी साळसूदपणे विचारलं, कोण गातंय रे? म्हणाला, "गोत्तिल्ला अज्जा, ठाऊक नाही, पण आवाज आमच्या घरातला वाटतो." माझी जीभ नुसती वळवळत होती. तुझं नाव कसंबसं गिळलं. भाजीची पिशवी मात्र रिक्षातच राहिली, आणि सूनबाईनं माझी जी शोभा केली ती तुला आल्यावर सांगेन.

तुला नाव का नको, ते मला ठाऊक आहे. रामनवमीच्या पत्रिकेत 'कु. गोदावरी यांचे गायन' असं छापून आलं होतं, आणि अप्पा दौत घेऊन बसले होते. एकेका पत्रिकेवरचं तुझं नाव त्यांनी शाईनं बुजवलं. मुलीचं नाव चार लोकांच्या तोंडी गेलं म्हणजे गेलंच, असं म्हणाले. तू शेजारी वाती वळत होतीस. मान वर केली नाहीस. आपल्या घरात लौकिक अप्पांचा, आणि आपल्या वाट्याला अब्रू. तीही नुसती सांभाळायची.

आता खरी पंचाईत ऐक. पाडव्याला इथलं आपलं मराठी मंडळ त्या आवाजाचा सत्कार करणार आहे. मी तुझा भाऊ, हे त्यांना माहीत नाही. चिटणीस श्रीरंग, तो हेब्बाळच्या कंपनीतला, मलाच विचारायला आला, "काका, फलकावर ख्यातनाम लिहू की लोकप्रिय?" मी कन्नड शाळेत पाचवीपर्यंतचा, आणि मराठी म्हणशील तर तू ताटात पीठ पसरून शिकवलंस तेवढंच. मला हे शब्द कुठले तोलता येणार? तरी डोकं चालवलं. प्रसिद्धी म्हटलं की ती आज आहे, उद्या दुसऱ्या कुणाच्या दारात. ख्याती ऐकली की मला एखादा मोठा डॉक्टर दिसतो. कीर्ती माणूस गेल्यावर म्हणतात, ती तर बोलूच नये. तू चांगली हिंडतीफिरती आहेस. मला एकही शब्द पटेना, तेव्हा श्रीरंग म्हणाला, "नाव कळत नाही तर 'अज्ञात गायिका' लिहून टाकू." अज्ञात तर बेवारश्याला म्हणतात गं! मी त्याला म्हणालो, थांब, फलक रंगवायला देऊ नकोस. का, ते मात्र सांगितलं नाही.

मग घरी येऊन सिद्धीकडून मागवलेलं ते अख्खं गाणं पुन्हा ऐकलं. घाण्याच्या गाण्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव घ्यायची आपली रीत. तू नवरीचं घेतलंस, विहीणबाईंचं घेतलंस, गेलेल्या आईचं घेतलंस, माझंसुद्धा 'वादिराज मामा' म्हणून घेतलंस. गाणारीचं कोण घेणार? ते कुणीच घेत नाही. आजवर माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. म्हणून हे पत्र. अप्पा आता नाहीत, ती दौतही नाही. मला ख्यातनाम नको, लोकप्रिय नको. फलकावर नुसतं 'गोदूबाई' एवढंच लिहायला सांगू का? तू नको म्हणालीस तर मी तोंड शिवून सभेत मागच्या रांगेत बसेन, तुझी शपथ. पण श्रीरंग रोज संध्याकाळी येऊन दारात उभा राहतो, आणि मला खोटं बोलता येत नाही. लांबलचक उत्तर नको. प्राणेशला फोन लावायला सांग आणि एकदाच 'सरी' म्हण, तेवढा होकार पुरे. तो स्पीकरवर टाकेना का. पण लवकर म्हण गं.

तुझाच धाकटा,
वादी