बाबांनी कोडं सोडवलं

चेतू,
वरणभात कुकरमध्ये आहे, गरम करून घे. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांच्या तोंडून एक शब्द धड फुटला नव्हता, तो आज फुटला!

मी पेपरातलं कोडं मोठ्याने वाचत होते. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने येतील असा शब्द हवा होता. मी म्हटलं, "कमळ." तर हे म्हणाले, "चेतना." मला वाटलं, तुला हाक मारतायत. "अहो, ती ऑफिसात आहे," म्हटलं, तर चिडले आणि बोटांवर च, त, न करून दाखवलं. त्यांचंही बरोबर होतं गं! मी रडले, ते हसत बसले.

आता रिक्षाने साकीनाक्याला काकांकडे चाललोय, बाबा खुणेने सांगतायत, त्यांनाही ऐकवायचंय. फोन करू नकोस. तुझं नाव बाबांना फोनवर नाही, तुझ्यासमोर घ्यायचंय.
आई