फाट्यावरचा फ्लेक्स

अक्का, धाकटी सायली तुझ्या पाया पडते.

मी बरी हाय, पोटभर जेवते. इथला भात चिकट हाय, पण तुझी शेंगदाण्याची चटणी अजून उरलीय. फोन स्पीकरवर टाकून सगळं घर ऐकतं, म्हणून लिहितेय. तू एकटीच वाच.

टीव्हीवर मला शोधत बसलात ना? रिलेत मी पळालेच न्हाई. चाचणीत माझा नंबर लागलता, तरी शर्यतीच्या सकाळी टीमच्या साहेबांना कुणाचा तरी फोन आला अन् माझ्या जागी दुसरी उभी राहिली. "अनुभव घे," म्हणले. घेतला. देशाची जर्सी घालून चौघींच्या बॅगा राखत बसले.

मायला सांग, पाय मुरगळलता. नगं, ती लगेच नारायणगडाला नवस बोलंल. तिचे गुडघे कसे हायेत?

धर्मापुरीच्या फाट्यावर तानाजीभाऊंनी इलेक्शनसाठी माझा फ्लेक्स लावलाय म्हणे. भाऊंचं तोंड ट्रॅक्टरच्या चाकाएवढं, मी कोपऱ्यात तिकिटाएवढी. 'लेकीनं देशाचं नाव उंचावलं', हे शर्यतीच्या आधीच छापलं! बूट मागायला गेलते तव्हा ह्याच भाऊंनी दुपारभर उन्हात बसवलतं.

आता ते गपचूप उतरवतील. त्याआधी दाजींना धाडून घरी आण. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाल तव्हा कोपीच्या छपरावर टाका, गेल्या साली लई गळत होती. भाऊंचं तोंड वरच्या अंगाला ठेव.

माझा कोपरा मात्र आधी कापून काढ. त्यांच्यासंगं मला भिजायचं न्हाई.

तुझीच,
सायली