कासवापुढे टाकलेली पत्री

भाद्रपद शुद्ध पंचमी, तिन्हीसांज

काकांनी आज कमाल केली. गणपतीला वाहिलेली एकवीस झाडांची पत्री नदीत सोडायची, ती आणून ओतली अंगणात, माझ्या कासवापुढे! का? तर मुठेपर्यंत चालायचा कंटाळा. दुसरे काय?

त्या पत्रीत धोतरा, कण्हेर, रुई, सगळे आलेच. मी सहा वर्षे रोज सकाळी नदीकाठी हिंडून दूर्वा, घोळ, तांदुळजा खुडतो, धुऊन मगच त्याला घालतो. ओळखीचे नसेल ते पान घरातसुद्धा आणत नाही. आणि आज धोतऱ्याच्या पानाला चावा घेतलेला! तोंडातला तुकडा मी बोटाने ओढून काढला. थोडा पोटात गेला असेल का? कोण सांगणार?

"अहो काका, हे विष आहे."

"देवाला वाहिलेले विष कसे होईल? शिवाय कासव म्हणजे साक्षात विष्णूचा अवतार. त्याला काय बाधते?"

अवताराला आठ दिवसांत एकदा तरी पाणी पाजलेत का, हे विचारायचे ओठांवर आले होते. गिळले. ते चावलेले पान उचलून त्यांच्यापुढे धरले. "मग आपणही घ्यावे. प्रसाद आहे."

काकांना एकाएकी पोट जड वाटू लागले. उपरणे झटकून आत गेले.

कासवाने अजून मान बाहेर काढलेली नाही. दोनदा जाऊन पाहिले. ते पान मी फेकलेले नाही, कोनाड्यात ठेवले आहे. उद्या कासव चालले तर पान नदीत सोडीन. नाही चालले, तर काकांच्या ताटात वाढीन.