तात्पुरता मजकूर

आई, तू मला विचारायचीस, दिवसभर त्या डब्यापुढं बसून करतीस तरी काय. मी म्हणायचे, काम करते. तू म्हणायचीस, दिसतंय, आणि कणीक मळायला आत जायचीस. तेव्हा नीट सांगायचा मला कंटाळा होता, आज सांगावंसं वाटतंय. मी कारखान्यांच्या वेबसाइट करते. चाकणचे, भोसरीचे लहानमोठे कारखाने, त्यांना वाटतं बाहेरच्या माणसानं घरबसल्या आपली मशिनं बघावीत, फोन करावा, ऑर्डर द्यावी. ते पान मी मांडते. आणि खरं सांगू का, निम्मं काम माझं नसतंच. ज्यांची तोंडंही मी पाहिली नाहीत अशा लोकांनी इंटरनेटवर साधनं करून फुकट ठेवलीत. एका ठिकाणी फोटो टाकला की त्याचं वजन उतरवून मिळतं, म्हणजे पान चटकन उघडतं. दुसऱ्या ठिकाणी दोन रंग दिले की ते सांगतं, या रंगावर ही अक्षरं म्हाताऱ्या माणसाला दिसतील की नाही. देवनागरी अक्षरांची नाना वळणं, म्हणजे फॉन्ट, एका जागी मिळतात, हवा तो उचलायचा. तुला हे पटलं नसतं. तू कंपनीच्या कँटीनमध्ये रांधायचीस, तिथं तुझं लाटणं दुसऱ्या कुणी घेतलं तर दिवसभर धुसफुसायचीस. फुकट ठिवत्यात म्हंजी काय, आन कुणी मोडून ठिवलं तर, असं विचारलं असतंस.

त्यातलंच एक साधन खोट्या मजकुराचं आहे. पान मांडायला घेतो तेव्हा कंपनीवाल्यांनी मजकूर दिलेला नसतो, शेवटच्या दिवसापर्यंत देत नाहीत, मग रिकाम्या जागी काहीतरी तात्पुरतं भरावं लागतं, नाहीतर पान कसं दिसेल ते कळत नाही. बटण दाबलं की परिच्छेदच्या परिच्छेद येतात, पण लॅटिनमधले. मराठी पानाला त्यांचा काय उपयोग? आपल्या अक्षरांना वर मात्रा, खाली उकार, ओळींमध्ये जागा जास्त लागते, ती लॅटिन बघून कशी समजणार? म्हणून एकदा मी हातानंच मराठी टाइप करायला घेतलं. काय लिहावं सुचेना. बोटं आपली चालायला लागली आणि पडद्यावर आलं, "आधी खाऊन घ्या, मग काय ती भांडणं करा. भाजी जरा खारट झालीया, पर पोळी गरम हाय. गपगुमान खावा." मी थांबले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तू अशी बोलत बोलत माझ्या कामाच्या जागी आलीस.

दहावीच्या सुट्टीत मी तुझ्याबरोबर भोसरीच्या कंपनीत आलेय. कँटीनच्या मागच्या दारानं आत शिरलं की वाफेनं चष्मा आंधळा होतो. तुझी धाकटी बहीण, माझी मावशी, खाली बसून पोळ्या लाटतेय आणि तू हातात पळी घेऊन काउंटरवर उभी आहेस. शिफ्ट सुटते, ग्रीसनं काळे झालेले हात घेऊन माणसं रांगेत येतात. "हात धुतलं का?" तू विचारतेस. धुतले, काकू. "साबनानं न्हाई धुतलं. परत जा." तुझ्याहून मोठी माणसं मुकाट्यानं परत जातात. एकजण म्हणतो, राव, एवढं तर आमच्या आईनंपण नाही केलं. तू वर न बघता म्हणतेस, "म्हनून तर आसा झालास." रांग हसते, तो स्वतःही हसतो आणि नळाकडं जातो. मला त्या वयात तुझ्या आवाजाची लाज वाटायची, मी भांड्यांच्या मागं उभी राहायचे.

तर ती वाक्यं टाइप केली तेव्हापासून कितीतरी कारखान्यांच्या पानांवर तू तात्पुरती राहून गेलीस. खरा मजकूर आला की मी तुला काढायचे. मग चाकणच्या एका कंपनीची वेबसाइट घाईघाईत सुरू केली आणि 'आमच्याविषयी' या चौकोनातलं काढायचं राहून गेलं. मालकांचा फोन. "मॅडम, आमच्या वेबसाइटवर भाजी खारट झालीय असं लिहिलंय." मी माफी मागायला लागले तर ते म्हणाले, "ते काढा हो, पण ही बाई कोण? वर्कशॉपमधली पोरं सकाळपासून एकमेकांना वाचून दाखवतायत." म्हटलं, माझी आई होती. ते म्हणाले, "मग संध्याकाळपर्यंत राहू द्या." माझा भागीदार शेजारीच बसला होता. पिंपरीतल्या एका मेकॅनिकचा मुलगा, वेबसाइटची आतली जुळणी तो करतो, बाहेरची मांडणी मी. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "ताई, याचंच साधन करू. बटण दाबलं की तुमची आई ओरडली पाहिजे. मराठी पानं करणाऱ्या सगळ्यांना लागतं हे. माझी अम्मीपण सेम हेच बोलते, फक्त हिंदीत."

केलं. एक पान, एक बटण, फुकट. कुठकुठली पोरं वापरतात. एका मुलीनं कळवलं की काम संपल्यावर तुमच्या आईला पानावरून काढताना वाईट वाटतं. ते वाचून मी रडले, तुझ्यापुढं कशाला लपवू. पण तक्रारीही यायला लागल्या की तीच तीच वाक्यं परत येतात. भागीदार म्हणाला, ताई, अजून द्या. मला वाटलं, तू एवढी बोलणारी बाई, वाक्यांना काय तोटा. बसले आठवायला, तर येईनात. जी आठवत होती ती आधीच देऊन झालेली. आई, तेव्हा मी खरंच घाबरले. तुझा फोटो आहे, साड्या आहेत, पण बोलणं माझ्याकडं एवढंच उरलंय, आणि तेही कमी होत चाललंय. मावशीला फोन लावला. मदत करायची सोडून तिनं भांडणच काढलं. "तोंडाला कुलूप लाव आन हात चालव, हे आक्काचं कुठलं? माझं हाय त्ये. तिला मीच शिकवलं." आणखी एक वाक्य तिनं आजीच्या नावावर टाकलं. वाक्यं वाढवायला गेले आणि होती त्यातलीच कमी झाली.

तुझं एक बोलणं मात्र मी त्यात कधी घातलं नाही. डिप्लोमा झाल्यावर तू कँटीनमध्ये जेवायला येणाऱ्या साहेबांकडं शब्द टाकलास, मला कंपनीत चिकटवलंस आणि मी वर्षभरात सोडून आले, कॉम्प्युटरवर पानं मांडायला. तू ताट वाढता वाढता म्हणालीस, "सायबापुढं माझी मान खाली घातलीस. आता चित्रं रंगवून जग." नंतर कितीतरी दिवस कामापुरतंच बोललीस. आणि त्याच वर्षी खंडेनवमीला, विळी-लाटण्याची पूजा झाल्यावर, ताम्हण घेऊन माझ्या खोलीत आलीस. "तुझं हत्यार कंचं?" मी कीबोर्ड दाखवला. तू त्याला हळदकुंकू लावलंस, वर झेंडूचं फूल ठेवलंस. हळद बटणांच्या फटीत गेली म्हणून मी चिडले. तू ताम्हण उचलून निघून गेलीस. पुढचा दसरा तू पाहिला नाहीस. माझं काम तुला पटलं का नाही, हे तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही.

वाक्यं संपली तेव्हा मी काय केलं ते ऐक. तू म्हणाली असतीस अशी वाक्यं मीच लिहायला लागले. आधी साधीच. "डबा इसरलास? मग आता शेजाऱ्याच्या डब्यात बघ." "बस गेली तर जाऊ दे, तू काय डायवर हायेस?" जमत होतं. भागीदाराला फरक कळला नाही, मलाही हायसं वाटलं. मग एका दुपारी, काही विचार न करता, एक लिहिलं. "तू करतीस त्ये मला काय कळत न्हाई, पर तू करतीस म्हंजी कायतरी बरंच आसंल." ते इतर वाक्यांच्या मध्ये सरकवून टाकलं, आणि पुढच्या कामाला लागले.

गेल्या रविवारी मावशी राहायला आली होती. तिला फोनवर ते पान काढून दिलं. बटण दाबायची, चष्मा वर सरकवून मोठ्यांदा वाचायची, "हे आक्काचं. हे माझं. हे बी माझंच, चोरटी." आणि एका वाक्याशी थांबली, त्या 'कायतरी बरंच आसंल'शी. ते मोठ्यानं नाही वाचलं. पदरानं फोनची काच पुसली, परत बघितलं. म्हणाली, "हे तुला कुनी सांगितलं गं? हे तर ती मला म्हनायची, कामावरनं येताना बसमधी. तुझ्यापुढं कधी बोलली न्हाई ती." मी चहा ठेवते म्हणून उठले आणि गॅस न पेटवता ओट्याशी उभी राहिले.

मी तिला सांगितलं नाही की ते वाक्य माझं आहे. आणि तू खरंच असं म्हणायचीस का, हेही परत विचारलं नाही. मावशीला हल्ली कुणाचं बोलणं कुणाच्या तोंडी होतं ते नीट आठवत नाही, ते मी वर लिहिलंच. तिनं नीट विचार करून "न्हाई गं, मला तसं वाटलं" म्हटलं तर मी काय करू? म्हणून नाही विचारत. भागीदारानं आज नवी वाक्यं मागितली होती, ती लिहायला बसले आणि हे लिहीत गेले. हे त्याला पाठवायचं नाही, कुणालाच नाही. तुला मात्र एक कबूल करते. हातात काही काम नसतानाही मी ते पान उघडते, आणि ते वाक्य येईपर्यंत बटण दाबत राहते.