दारासमोरची तीन मिनिटं

प्रिय ताई,

हातात फोन असताना ही पत्र काय लिहीत बसली, असं तू म्हणणार. म्हण. फोनवर मी विचारते कशी आहेस, तू म्हणतेस बरी आहे, मग आईच्या गोळ्या, मग तुझ्या गुडघ्याची कुरकुर, मग रेंज जातेय असं मी खोटंच सांगते आणि फोन ठेवते. सात वर्षं आपण असंच बोलतोय. आज मला खोट्याला जागाच ठेवायची नाही, म्हणून कागद घेतला. तो तुला कोणी आणून दिला ते शेवटी सांगते. आधी चष्मा लाव, आणि दारात उभी असशील तर पायरीवर बस, कारण हे लांबणार आहे.

माझी बोटीवरची जागा कशी आहे हे मी तुला कधी नीट सांगितलेलं नाही. तुला वाटतं धाकटी समुद्राकडे बघत कॉफी पीत असते. अगं, माझ्या ऑफिसला खिडकीच नाही. तीन टेबलं, एक कपाट, आणि समोरच्या भिंतीवर कुणीतरी समुद्राचं कॅलेंडर टांगलंय. झोपायची खोली त्याहून लहान. पलंगावर बसून हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. काम म्हणशील तर बोट ज्या बंदरात आठ तास थांबते, तिथे उतरून प्रवाशांनी काय करायचं ते मी ठरवते. बस कुठे उभी राहील, गाइड कोण, पायऱ्या किती, काठी घेऊन चालणाऱ्याला जमेल की नाही. आधी शौचालय कुठे ते बघायचं आणि मग देखावा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. एकसष्ट बंदरं मला पाठ आहेत. त्यातल्या किती ठिकाणी मी धक्का ओलांडून गावात गेले म्हणशील तर दोन्ही हातांची बोटं पुरतात. बोट बंदरात असली तरी एक तृतीयांश कर्मचाऱ्यांनी बोटीवर थांबायचंच, असा नियम आहे. उरलेल्यांतल्या अर्ध्यांना काम असतं. वाढणारीच उपाशी, तसं आहे हे.

आणि गंमत बघ, फिरायची हौस तुला होती. नकाशे तू काढायचीस. नगरपालिकेच्या नकाशा विभागात लागलीस तेव्हा पहिल्या महिन्यात तू मला आपल्या गल्लीचा नकाशा काढून दिलास, त्यात आपल्या दाराशी एक ठिपका आणि बाजूला लिहिलंस, घोरपड. कारण कुठे जायचं म्हटलं की मी दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून बसायची. शाळेची सहल असो, मावशीकडे जायचं असो, तू आणि आई मिळून माझी बोटं सोडवायचात. तुझी थट्टा मला तेव्हा आवडायची नाही. तो नकाशा अजून माझ्याकडे आहे, घड्यांवर फाटलाय, मागून चिकटपट्टी लावलीय.

मग आई पडली. एकीने घरी राहायचं आणि एकीने बाहेर जायचं असं ठरलं, तेव्हा तू म्हणालीस, आधी तू जा, नाहीतर तू कधीच जाणार नाहीस. दोन वर्षं मी बाहेर, मग तू. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपण हे ठरवलं. आई पलीकडच्या खोलीत झोपली होती, म्हणून हळू आवाजात. तू नोकरी सोडलीस. दोन वर्षं झाली तेव्हा मी म्हटलं, एक वर्ष अजून, बढती होतेय. पुढच्या वर्षी म्हटलं, बदलीला माणूस नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तू विचारलंच नाहीस. त्या वर्षी मी आठ तासांसाठी घरी आले होते, आठवतं? तू मासे तळलेस, चांगली चादर काढलीस, आईला अंघोळ घातलीस, आणि मी घड्याळ बघत जेवले. निघताना पायरीवर तू म्हणालीस की पाहुणी म्हणून येणार असशील तर येऊ नकोस, मला एक ताट जास्त पडतं; राहायला येशील तेव्हा ये. आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर मी भांडले असते आणि सुटले असते.

ताई, बोट आपल्या बंदराला दर पंधरा दिवसांनी लागते. त्या दिवसानंतर मी दर वेळी ड्यूटी आहे म्हणून सांगितलं. पहिल्या दोन-तीन वेळा ती खरंच होती. नंतर मी स्वतः जाऊन थांबणाऱ्यांच्या यादीत नाव घालून घ्यायला लागले. इतरांना काय, आनंदच. माझ्यामुळे त्यांना उतरायला मिळायचं. खालच्या लाँड्रीतली बाई मला पहारेकरी म्हणते. कर्मचाऱ्यांच्या मागच्या डेकवर एक जागा आहे, दोरांच्या गुंडाळ्यांजवळ, तिथून आपली चढण दिसते. घर दिसत नाही, मध्ये पाण्याची टाकी येते. तिथे मी उभी राहते. धक्क्यावरून चालत वीस मिनिटं, आणि माझे पाय शिडीच्या तोंडाशी जाऊन परत फिरायचे. तुरुंगाला कुलूप नव्हतं, मीच आतून कडी लावून बसले होते. तुला भेटायची लाज वाटायची, आणि जितके दिवस जायचे तितकी ती वाढायची.

आता जे सांगायचंय त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. दर दुसऱ्या गुरुवारी आपल्या दारासमोर ती टोपीवाली माणसं येऊन उभी राहतात ना, छातीवर नंबराचा गोल कागद चिकटवलेली? ज्यांच्याबद्दल तू फोनवर म्हणालीस की आम्ही काय प्राणिसंग्रहालयातली माकडं आहोत का, कोण मेलं ह्यांना इथे पाठवतं? मी विषय आईच्या गोळ्यांवर नेला. ताई, ते मेलं मीच.

दीड वर्षापूर्वी आमच्याकडे आपल्या बंदरासाठी पायी जाण्याची एक सहल हवी होती. मी आपली चढण सुचवली. कागदावर कारणं छान होती: जुनी घरं, वरून बंदराचा देखावा, गर्दी नाही. खरं कारण एवढंच की घर बघायचं होतं आणि स्वतः जायची छाती नव्हती. नियम असा आहे की पायी सहलीची नवी वाट असेल तर आखणाऱ्याने ती आधी स्वतः चालून बघायची आणि तशी सही करायची. मी न चालता सही केली. म्हटलं, ह्या वाटेवर मी लहानाची मोठी झाले, मला कोण शिकवणार. एकशे बारा पायऱ्या, मग कोपऱ्यावर झाडाखालचं बाकडं, तिथे तीन मिनिटं दम खायचा. बाकड्यावरून आपलं दार तिरकं दिसतं, कुणाला त्रास नाही. पण बाकडं नगरपालिकेने कधीच काढलं होतं आणि झाडही गेलं होतं. ते मला कसं कळणार, मी कुठे आले होते? गाइड बिचारी माणसांना उन्हात किती उभं करणार? पुढची पहिली सावली आपल्या दारासमोर. तिने थांबा तिथे हलवला. माझ्या एका खोट्या सहीमुळे चोवीस माणसं महिन्यातून दोनदा तुझ्या घरात डोकावतात.

आणि चूक कळल्यावर मी ती दुरुस्त केली नाही, हे त्याहून वाईट. कारण प्रत्येक सहलीनंतर गाइडला चार फोटो पाठवावे लागतात, आणि प्रत्येक फोटोत माणसांच्या मागे आपलं दार असायचं. मी ते मोठे करून बघायची. दाराचा रंग खालून उडालाय. दोरीवर आईचे कपडे दर वेळी किती असतात ते मी मोजलंय. माझा तपकिरी स्वेटर तू घालतेस, कोपराला ठिगळ लावून. एकात तू हातात बादली घेऊन उभी आहेस आणि सरळ कॅमेऱ्यात बघतेयस, अशी की आता पाणी फेकणार. केस किती पांढरे झालेत तुझे. फोनवर तू कधी बोलली नाहीस. तो फोटो मी ऑफिसात बघत होते, शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं कोण आहे, तर मी म्हटलं, तिथली एक बाई. माझी बहीण आहे एवढंसुद्धा माझ्या तोंडातून निघालं नाही.

वरच्या खिडकीतली आई मात्र हसते. प्रवासी अभिप्रायाचे कागद भरतात, त्यात दर वेळी कुणीतरी लिहितं, खिडकीतल्या आजींनी हात केला, सगळ्या सहलीत हेच आवडलं. मला वाटायचं तिला गर्दीची मौज वाटत असेल. मग मागच्या महिन्यात तू हसत हसत सांगितलंस की गुरुवार आला की आई सकाळपासून वेणी घालून मागते, खिडकीशी खुर्ची ओढायला लावते, आणि ते लोक आले की एकेकाचं तोंड निरखते. तिला तू विचारलंस काय बघतेस, तर म्हणाली, ह्यात आपली धाकटी असेल. तू म्हणालीस, म्हातारपण, दुसरं काय. मी रेंज गेली असं सांगितलं. मग कपाटाआड जाऊन रडले. तिची स्मरणशक्ती गेलीय म्हणतात, पण त्या घरात खरं काय ते तिलाच कळलं होतं.

त्यानंतर आठ दिवसांत माझ्या साहेबाने पुढच्या हंगामाच्या माहितीपत्रकाचा कागद टेबलावर ठेवला. त्यात आमच्या सहलीला नवं नाव होतं, खिडकीतली आजी. फोटो आईचा. आता ही सहल दर फेरीला दोनदा न्यायची, बंदरातल्या आमच्या एजंटने त्या घरच्यांशी बोलून घ्यावं, आजींना ठरल्या वेळी खिडकीत बसवावं, असं खाली लिहिलं होतं. साहेब वाईट माणूस नाही. त्याला कुठे माहीत ती कोण आहे? तो म्हणाला, तुझीच कल्पना, सही कर. पेन माझ्या हातात होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी सही केली नाही. ती माझी आई आहे, असं म्हटलं. त्याने तो कागद फाडला आणि मला पाणी दिलं. दुपारी मी राजीनामा लिहिला.

मी फार मोठं काही करतेय असं समजू नकोस. मला भीती वाटते. एका डबीतून निघून दुसऱ्या डबीत चाललेय हे मला कळतं. आईला उचलता येईल का, रात्री ती हाका मारते तेव्हा मी चिडेन का, मला काही माहीत नाही. तू सात वर्षं जे केलंस ते मला सात दिवस तरी जमेल का, हाही प्रश्नच आहे. तू शिकव. दोन आठवड्यांत शिकव, कारण पुढच्या फेरीला बोट परत येईल तेव्हा तिच्यावर तुझ्या नावाची एक खोली आहे, नोकरीत जमलेली माझी सवलत. चौदा दिवसांची फेरी, खिडकीवाली खोली, ते मी मुद्दाम भांडून घेतलंय. तिकीट पाकिटात आहे. माझी एकही सहल घेऊ नकोस. प्रत्येक बंदरात उतर, तुझी तू हिंड, वही ने, नकाशे काढ. फक्त साडेचारच्या आत परत ये. आमच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, पण जो आपल्या जबाबदारीवर उतरतो त्याच्यासाठी ती थांबत नाही. आणि परत आल्यावर तुला नोकरी शोधायची असेल, दुसऱ्या गावी राहायचं असेल, तर ते तुझं तू ठरव. आता पाळी माझी आहे.

हे सगळं मी तोंडाने सांगायला आले असते तर पायऱ्यांवरूनच परत फिरले असते, मला मी ओळखते. म्हणून कागद पुढे पाठवला. तो ज्या बाईने दिला ती आमची गाइड, तिच्यावर चिडू नकोस. गट तीन मिनिटं थांबतो, आणि हे तीन मिनिटांत वाचून होण्यासारखं नाही, म्हणजे एव्हाना ते वर निघून गेले असतील. आजची ही शेवटची सहल, ती मी रद्द करून घेतलीय, पुन्हा तुझ्या दारात कोणी उभं राहणार नाही. आजचा गट चोवीस जणांचा नव्हता, पंचवीस होते. एक मागे राहिलीय, समोरच्या भिंतीशी, हातात एक बॅग घेऊन. तुला दार लावून घ्यायचं असेल तर घे, मी पायरीवर बसेन. पाच वाजता बोट सुटेल आणि त्यांच्या मोजणीत मी नसेन. आईने मला बहुतेक आधीच पाहिलं असेल. वाचून झालं असेल तर मान वर कर.

तुझीच,
घोरपड