दोन्ही बाजूंचे मेसेज

काशीद,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

ती. सुजितदादास,
किशोरीचा सा. न. वि. वि.

आज सकाळी पाणी भरले. सासूबाईंना पेज दिली, त्यांनी निम्मी ठेवली. भेटायला आलेल्या बायका दुपारी गेल्या. दुसरे काही झाले नाही.

फोन न करता पत्र पाठवते आहे, त्याचे कारण तुला माहीत आहे. आमच्या आणि क्रांतीच्या खोल्यांमध्ये एकच पत्रा आहे. इकडे भांडे वाजले तर तिकडे कळते. ती माझी जाऊ असली तरी चंदरची बायको आहे. सगुणाकाकू मासळी घेऊन खाडीपलीकडे म्हसळ्याच्या बाजाराला येतात, त्यांच्या टोपलीतून हे येईल. उत्तर त्यांच्याकडेच दे.

तू केतनच्या मयताला आलास तेव्हा मी काही बोलले नाही. आता लिहिते. होडी लागली तेव्हा मी टोपल्या घेऊन जेटीवर होते. चंदर वल्हे घेऊन उभा होता. मला वाटले, भावाच्या मदतीला आला. केतन दोर बांधायला वाकले आणि त्याने मागून डोक्यात वल्हे घातले. केतन पायरीवर पडले. मग त्याने दोर कापायचा कोयता उचलला. केतननी हात मध्ये घातला, तो हातावर बसला, आणि पुढचा मानेवर. दोन बोटे पायरीवरच राहिली. मी प्लास्टिकच्या टोपलीने त्याच्या पाठीत मारत होते. तो मला म्हणाला, वहिनी, बाजूला व्हा. तेव्हाही वहिनीच म्हणाला. माणसे पुष्कळ होती. कोणी पुढे आले नाही.

भांडण होडीवरून होते. चंदरला रात्री मोठे दिवे लावून मासे ओढायचे होते. त्याला बंदी आहे, म्हणून केतन नाही म्हणत. चंदर मोबाईलवर धमक्या पाठवायचा आणि सकाळी पुसून टाकायचा. केतन मला म्हणाले होते की तो पुसू दे, मी सगळ्याचे स्क्रीनशॉट मारून ठेवलेत, मोबाईलमध्ये हायत. त्या रात्री दर्यात जाताना ते मोबाईल घरी ठेवून गेले होते. मी उघडून बघितला. एकही स्क्रीनशॉट नाही. त्या दोघांच्या चॅटमध्ये दोन्ही बाजूंना मेसेज हटवला एवढेच दिसते. चंदरने आपला फोन दर्यात टाकला. हवालदारांनी केतनचा फोन चाळला आणि काही नाही म्हणून परत दिला.

चंदर सांगतो की जागच्या जागी राग आला, आधी मनात काही नव्हते. सरकारी वकीलबाई म्हणाल्या की धमक्या दाखवता आल्या तर बरे, नाहीतर चोवीस तारखेला जामीन होईल. जामीन झाला की तो पत्र्यापलीकडे येऊन झोपेल. फोटो कुठे गेले असतील ते सांग.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो आता जरा जास्त लागेल.

तुझी,
किशोरी


म्हसळा,
गुरुवार, १३ फेब्रुवारी

चि. किशोरीस,
अनेक आशीर्वाद. हात सवयीने सौ. लिहायला गेला होता. थांबवला.

तुझे पत्र दुकानात उघडले तर गिऱ्हाइकाने विचारले, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बोंबील कधीपासून ठेवायला लागलात. सोनल म्हणते, नणंदेला सांगा, कागद कोरा आला तरी चालेल पण पुढच्या वेळी सोबत दोन बोंबीलही येऊ देत. तू हसणार नाहीस, तरी लिहिले.

आता कामाचे. पहिले म्हणजे त्या फोनने नवा फोटो काढू नकोस आणि कोणी रिसेट मार म्हटले तर फोन हातात देऊ नकोस. गॅलरीत अल्बम उघड. कधीकधी स्क्रीनशॉटचा अल्बम लपवलेला असतो, तीन टिंबांवर दाबलेस की लपवलेले दाखवा असे येते. तिथे नसतील तर कचऱ्याचा डबा बघ. पुसलेले फोटो महिनाभर तिथे पडून असतात. तिथेही नसतील तर फाइल्सचे ॲप उघड आणि पिक्चर्स व डीसीआयएम या दोन्ही फोल्डरांत स्क्रीनशॉट नावाचे फोल्डर शोध. शेवटी सेटिंगमध्ये स्टोरेज बघ, मेमरी कार्ड दिसते का. या फोनची आतली जागा भरली की पुष्कळ लोक फोटो कार्डवर टाकायला लावतात. तसे असेल आणि कार्ड काढले असेल, तर फोन फोटो दाखवणारच नाही. पुसले गेले असे वाटते, पण ते कार्डात असतात.

घाबरू नकोस असे मी लिहीत नाही. दाराला आतून दुसरी कडी लावून घे.

आमची माया तुझ्यापाशी आहे असे समज.

तुझा,
सुजितदादा


काशीद,
रविवार, १६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लपवलेले काही नव्हते. कचऱ्याच्या डब्यात माशांचे फोटो होते. स्क्रीनशॉटचे फोल्डर रिकामे होते. स्टोरेजमध्ये मात्र लिहिले होते की कार्ड घातलेले नाही. पिन घालून सिमचा कप्पा ओढला तर कार्डाची जागा मोकळी.

मग माझ्या लक्षात आले. होडीवर एक स्पीकर आहे. आमच्याकडे दर्यात जाताना सगळे गाण्यांचे कार्ड मोबाईलमधून काढून स्पीकरला लावतात आणि परत आल्यावर पुन्हा मोबाईलमध्ये घालतात. केतन तेच करायचे. गाण्यांबरोबर फोटोही निघून जातात हे त्यांना माहीत नव्हते. ते आपले मोबाईल सांभाळून घरी ठेवून गेले.

होडी ओढून वाळूवर ठेवली आहे. सुतकातल्या बाईने होडीवर पाय ठेवायचा नाही, पूजा झाल्याशिवाय तर नाहीच. सासूबाईंना विचारले असते तर त्यांनी नको म्हटले असते. मी विचारले नाही. दुपारी माणसे जेवायला गेल्यावर चढले. स्पीकर फळीखाली होता. कार्ड त्यातच होते.

उतरायला वळले तर क्रांती. तिने मला चढताना पाहिले असणार. ती म्हणाली, नवरा खाल्लास, आता होडी खातेस काय, दाखव हातात काय हाय. मी मूठ दाबून धरली. तिने फळीवरचा जाळ्याचा दगड उचलून माझ्या हातावर मारला. करंगळी मोडली आहे, डॉक्टरने पट्टी बांधली. मूठ उघडत नाही म्हटल्यावर ती चावली. मग मी तिचे केस धरले आणि तिचे डोके होडीच्या काठावर आपटले. एकदा नाही, दादा. तिच्या कपाळातून रक्त आले तरी मी थांबले नाही. सगुणाकाकूंनी मला मागून ओढले. त्या म्हणाल्या, सोड गो, मरंल ती. तेव्हा कळले की मी अजून धरले आहे.

क्रांतीला सात टाके पडले. तिने तक्रार केली नाही. मीही केली नाही.

घरी येऊन कार्ड फोनमध्ये घातले. सगळे स्क्रीनशॉट आले. चंदरचे आहेत. शेवटच्या संध्याकाळचा आहे, त्यात लिहिले आहे की दर्यावरून ये, जेटीवर वल्हे घेऊन उभा राहतो, घरी जिता जायचा नाहीस. वकीलबाईंना हवे होते ते हेच.

पण त्याच चित्रांत केतनचेही मेसेज आहेत. पहिला मेसेज त्यांचा आहे. दिव्यांचे नाव काढलेस तर बांगड्यासारखा चिरून वाळत घालीन. पुढे क्रांतीच्या कपाळाचे कुंकू पुसायची भाषा आहे. तिच्या पोरीबद्दलही एक आहे, तो मी लिहीत नाही. मग केतनही आपले मेसेज पुसून टाकायचे. माझ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. हा माणूस मी ओळखत नाही.

स्क्रीनशॉटमधला केतनचा भाग कापता येतो का, आणि कापलेला कळतो का, ते सांग.

डावा हात चालतो. पत्र मोडक्या उजव्यानेच लिहिले, अक्षर सांभाळून घे, आणि मलाही.

तुझी,
किशोरी


म्हसळा,
मंगळवार, १८ फेब्रुवारी

चि. किशोरीस,
अनेक आशीर्वाद.

कापता येतो. फोटो उघड, खाली पेन्सिलीचे चिन्ह आहे, त्यात कापायचा चौकोन येतो. चौकोन वरून खाली ओढ, नको ते बाहेर गेले की सेव्ह कर. सेव्ह करताना प्रत म्हणून कर. वकीलबाईंना कापलेले दे आणि मूळ कार्ड चुलीत टाक. तपासणारा कोणी नीट बघेल तर कळेल, पण आपल्याकडे एवढे कोण बघतो.

माझे मत विचारशील तर काप. मी तुझा भाऊ आहे, मला केतनरावांच्या अब्रूचे नंतर, तुझ्या मानेचे आधी. ज्याने सख्ख्या भावाची बोटे तोडली तो मोडक्या करंगळीच्या वहिनीला काय सोडणार आहे? त्याच्या वकिलाच्या हाती हे मेसेज पडले तर तो म्हणेल, आधी यानेच चिरण्याची धमकी दिली, माझा माणूस भ्याला. सोनल मात्र म्हणते की तिला सांगू नका, तिलाच ठरवू द्या. घरात माझे कोणी ऐकत नाही, तूही ऐकू नकोस वाटले तर.

निकाल काही लागो, लागल्यावर इकडे ये. जागा आहे, माया तर आहेच.

तुझा,
सुजितदादा


काशीद,
मंगळवार, २५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल निकाल लागला. जामीन नाकारला. खटला उभा राहीपर्यंत चंदर आत राहील.

मी कापले नाहीत. कापायला बसले होते. चौकोन ओढला होता. तेवढ्यात सासूबाई आत आल्या आणि म्हणाल्या की तू रोज त्या मोबाईलमधी काय वाचतेस ते मलाबी वाच. मी चंदरचे वाचले. त्या म्हणाल्या, आणि माझा केतन काय बोलला? मी म्हटले, काही नाही. त्या म्हणाल्या, न्हाय कसं, मी वाढवलाय त्याला, त्याच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. मग मी सगळे वाचले, पोरीबद्दलचेसुद्धा.

बांगड्यासारखा चिरीन, हे त्यांनी मला परत वाचायला लावले. म्हणाल्या, हे धर्माजीचं. धर्माजी म्हणजे माझे सासरे, मी त्यांना पाहिले नाही. त्या म्हणाल्या की जाळे फाटले, ताटात मीठ कमी पडले, की ते दोन्ही मुलांना हेच म्हणायचे आणि वल्ह्याने मारायचे. धाकटा मोठ्याच्या मागे लपायचा. मोठा मार खायचा. एवढे सांगून त्या पाणी प्यायल्या. कापू नको असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांना चौकोन म्हणजे काय ते माहीतही नसेल.

मी वकीलबाईंना कार्डच दिले. बाई म्हणाल्या, हे तुमच्या मिस्टरांचे पण आहे, वाचले जाईल. मी म्हटले, वाचू द्या.

वाचले. चंदरचा वकील तू म्हणालास तसेच बोलला. जजसाहेबांनी विचारले की भ्यालेला माणूस जागा आणि वेळ आधी कळवून हत्यार घेऊन उभा राहतो का? वकील खाली बसला. पण केतनची वाक्ये भर कोर्टात, एका अनोळखी माणसाच्या तोंडून, मोठ्याने झाली. गावातली माणसे मागे बसली होती. काही खाली बघत होती, काही माझ्याकडे. क्रांती कपाळाच्या टाक्यांवर पदर घेऊन बसली होती. पोरीचे वाक्य आले तेव्हा ती उठून बाहेर गेली.

येताना एकाच एसटीत होतो. ती पुढे, मी मागे. काशीदला उतरल्यावर सासूबाईंनी आपले गाठोडे उचलले आणि पलीकडच्या खोलीत राहायला गेल्या. मला म्हणाल्या की तिथे पोर हाय, तिला कोण बघंल. मी बरे म्हटले.

म्हसळ्याला आत्ता येत नाही. होडीवर अर्धा हक्क केतनचा आहे, तो सोडला तर उद्या तिच्यावर दिवे चढतील. वहिनीला सांग, सगुणाकाकूंबरोबर बोंबील पाठवले आहेत, दोन नाहीत, बरेच आहेत. तुझे मत मी ऐकले नाही म्हणून रागावू नकोस. माया तशीच ठेव.

तुझी,
किशोरी

ता. क. सगुणाकाकू अजून यायच्या आहेत. बाहेर जवळा वाळत घातला आहे, वरची बाजू झाली असेल. तोवर उलटून येते.